कुणाला गुण आला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि देवाला काही सांगायची तर मला सवयच नाही. तुम्हाला सांगते — तुम्हालाच का, ते मलाही नीट कळलेलं नाही.

आधी एक स्पष्ट करते, मी कामात ढिली नव्हते. वरोऱ्याची पोर मी, बोलण्यात कुणाला हार जाणार नाही. सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या नव्या औषधाची चाचणी गडचिरोलीकडच्या गावांत सुरू झाली, तेव्हा घरोघरी विचारपूस करायला मला घेतलं ते याच जिभेमुळे. अर्ध्यांना खरं औषध, अर्ध्यांना तशीच दिसणारी नुसती गोळी. कुणाला काय मिळतंय हे मलाही ठाऊक नसायचं. मी फक्त दुखणं किती ते विचारायचं. सिकलचं दुखणं उठलं की धडधाकट माणूस जमिनीवर लोळतो, पण शून्य ते दहाच्या आकड्यांत ते कुणी सांगेना. मग मी युक्ती काढली — रुपयात किती आणे दुखते? म्हातारे लगेच बोलू लागले, त्यांचं ऐकून तरणेही. त्या युक्तीचा मला आजही अभिमान आहे. का नसावा?

नियम असा होता की प्रत्येकाला एकटं बसवून विचारायचं. आता आपल्याकडची घरं तुम्हाला काय सांगू? पाहुणी आली की अंगणात बाज टाकतात, चहा ठेवतात आणि सगळं घर भोवती बसतं. त्यातून सुनेला उठवून आत न्यायचं म्हणजे सासूला हाकलल्यासारखंच. दोन-चार घरी करून पाहिलं, तोंडं वाकडी झाली — मग दिलं सोडून. गडीमाणसं अंगणात बसूनही सोळा आण्यांची बोंब ठोकायची. सुना पदर सारखा करून म्हणायच्या, चार आणे. दर खेपेला चार आणे. मी लिहून घ्यायची आणि पुढच्या घरी जायची.

हा आळस झाला. त्याचं मला एवढं काही वाटत नाही. खरी गोष्ट पुढे आहे.

मार्कंड्याच्या अलीकडे एका गावात सुशीला नावाची सून होती. घर मासेमारीचं. चाचणी संपत आली होती तेव्हा एकदा ती मला तळ्याच्या बांधावर एकटीच भेटली, जाळं वाळत घालत होती. मी तिची थट्टा केली — तुले तं नेहमी चारच आणे, नशीबवान हायेस. तिनं आधी मागेपुढे पाहिलं.

"बाई, पह्यले सोळा आणे दुखे. सासूपुढं कशी सांगू? रोगाची सून म्हनून माहेरी धाडन थे. पन तुमच्या गोळीनं लय आराम पडला. आता खरंच चार आणे रायते."

मला तिथंच सगळं समजलं. समजायला काय लागतं हो? तिचे आधीचे चार आणे खोटे, आताचे खरे, आणि कागदावर दोन्ही सारखेच. म्हणजे तिला गुण आला नाही, असंच दिसणार. आणि अशी ती एकटीच असेल का? — तळ्यावरून तडक जाऊन चाचणीच्या मोठ्या डॉक्टरांना सांगायला हवं होतं. मी घरी गेले आणि मस्त जेवले.

मग नागपूरला बैठक झाली. कुणाला औषधाचा जास्त फायदा होतो, हे त्यात काढायचं होतं. निघालं असं की पुरुषांना झकास गुण येतो, बायकांना जवळपास नाहीच. मोठे डॉक्टर भला माणूस. ते सगळ्यांदेखत मला म्हणाले, बाई, हे जरा विचित्र वाटतं, विचारण्यात काही गडबड नाही ना? आता तरी — आता तरी बोलायचं की नाही? मी ताठ बसून म्हणाले, "नाही सर, एकेकीला आत नेऊन विचारलंय." आवाज जरासुद्धा कापला नाही. माझ्या युक्तीचं नुकतंच कौतुक झालं होतं, ते मला सोडवेना. एवढंच कारण. दुसरं शोधत बसले तर तेही खोटंच असेल.

चाचणीनंतर औषध थोडंच उरलं होतं. ज्यांना गुण येतो त्यांना आधी, असं ठरलं. ठरवणाऱ्यांचं काय चुकलं? त्यांच्या हातात माझाच शब्द होता. सुशीलाच्या गावातले पुरुष निवडले गेले. तिचं नाव आलं नाही.

मी गावात गेले तेव्हा ती भिंत धरून उभी होती. दुखणं परत उठलं होतं, चेहऱ्यावरच दिसत होतं. या खेपेला तिनं सासूसमोरच विचारलं, "माह्यं नाव काऊन नाई आलं, बाई?"

मी म्हणाले, "तुले त्या गोळीनं फरक नाई पडला, असं निघालं."

तिनं मान हलवली.

"असंन. मले तं वाटलं व्हतं, पडला म्हनून. पन तुमाले जास्त समजते."

तिनं माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवला, स्वतःच्या अंगावर नाही. आणि मी तो ठेवू दिला.