गनी स्टोक्सचं सिनेमापरीक्षण

व्हर्लिन स्टोक्स अमेरिकेच्या मरीन सैन्यातून गनरी सार्जंट म्हणून निवृत्त झाला, म्हणून अख्खं गाव त्याला गनी म्हणतं. निवृत्त झाला तो फक्त पगारापुरता. कॅरोलायनातल्या आमच्या या गावात, लष्करी तळाच्या फाटकासमोर, माझं गणवेशावर पट्ट्या शिवून देण्याचं दुकान आहे. गनी रोज तिथे येऊन माझे टाके तपासतो. कुणी बोलावलेलं नसतं.

गुरुवारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये सिनेमा असायचा आणि रिमोट गनीच्या हातात. त्याची लाडकी फिल्म एकच, लष्करी कोर्टाच्या खटल्याची. लाडकी म्हणजे काय, तिला शिव्या घालायला त्याला फार आवडायचं.

"थांबा," म्हणून तो चित्र गोठवायचा. "हा मरीन खोलीत, डोक्यावर टोपी नसताना सलाम ठोकतोय. कुठल्या गाढवानं शिकवलं याला?"

"गनी, पुढे जाऊ दे. बार्बेक्यू थंड होतंय," कुणीतरी म्हणायचं.

"आणि हिचे केस बघा, कॉलरवर लोळतायत. ही लेफ्टनंट आहे की नवरी?"

पदकांचा क्रम, बुटांची नाडी, कशातूनही सुटका नाही. मात्र शेवटच्या अर्ध्या तासात रिमोट मांडीवर पडून राहायचा. तरुण वकील जनरलला डिवचतो, जनरल लालबुंद होतो आणि भर कोर्टात गुन्हा कबूल करतो. काम फक्कड केलंय त्या नटानं, संवादही धारदार. दरवेळी गनीचे डोळे भरून यायचे. सलामातली चूक पकडणाऱ्या या माणसाला एवढी मोठी थाप मात्र सहज पचायची.

हे हसण्यावारी गेलं असतं, पण त्याच्या भाच्यावर, क्लेटनवर, खरोखरच खटला उभा राहिला. क्लेटन तळावर ट्रक चालवायचा. त्याच्या वरिष्ठानं, कॅप्टन ब्रॅनननं, घाई केली, ब्रेक तपासू न देता त्याला पिटाळलं. ट्रक उलटला, मागे बसलेल्या एका शिपाई पोराचा पाय गेला. हुकूम तोंडी होता, ऐकायला तिसरं कुणी नव्हतं.

क्लेटनची वकील लेफ्टनंट प्रिचर्ड हिनं तडजोड आणली होती. चूक कबूल करायची, हुद्दा खाली जाईल, पण नोकरी राहील. क्लेटनचा बाप वारलेला. त्यानं मामाला विचारलं, आणि मामा तर आयुष्यभर याचीच वाट बघत होता.

"सही करायची नाही," गनीनं माझ्या दुकानातच सगळ्यांसमोर निकाल देऊन टाकला आणि तिथे आलेल्या प्रिचर्डकडे वळला. "मॅडम, तुम्ही फक्त त्या कॅप्टनला डिवचा. अभिमानाला हात घाला. पेटला की माणूस खरं ओकतो."

"गनी, तो खोटं बोलेल," प्रिचर्ड म्हणाली, "आणि अगदी शांतपणे बोलेल."

"तुम्ही अजून लहान आहात."

"मामा, नक्की ना?" क्लेटननं विचारलं.

"मी आहे ना."

गनीची बहीण लोरेटा, म्हणजे क्लेटनची आई, कोपऱ्यात हातातली पर्स घट्ट धरून बसली होती. ती मला एवढंच म्हणाली, "माझ्या भावाला तळावरचं सगळं कळतं." मीही मान डोलावली.

खटल्याच्या दिवशी गनी पहिल्या रांगेत, जुना गणवेश घालून, शेजारी लोरेटा आणि मी. कॅप्टन ब्रॅनन साक्षीला आला.

"तुम्ही क्लेटनला ब्रेक न तपासता निघायला सांगितलंत का?" प्रिचर्डनं विचारलं.

"नाही, मॅडम. मला तसं आठवत नाही."

तिनं उलटून विचारलं, घाई कशाची होती ते विचारलं, शेवटी त्याच्या हुद्द्याची लाजही काढली. गनी खुर्चीत पुढे सरकला. कॅप्टननं पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा म्हणाला, "आठवत नाही, मॅडम." न्यायाधीशांनी तिला पुढचा प्रश्न विचारायला सांगितलं. कुणी लाल झालं नाही, कुणी ओरडलं नाही. बाजूचा एक शिपाई चक्क जांभई देत होता.

क्लेटनला सहा महिने कैद झाली, आणि गैरवर्तनाचा शिक्का मारून सैन्यातून हाकललं. नेताना तो मामाकडे बघत होता. मला गनीचा एवढा संताप आला की त्याच्या शेजारी बसवेना.

बाहेर व्हरांड्यात गनी आणि लोरेटा उभे होते. कॅप्टन ब्रॅनन कोर्टातून निघाला, गनीच्या छातीवरच्या पदकांकडे बघून थांबला आणि हात पुढे केला.

"भाच्याचं वाईट झालं, गनी. तुम्ही केलेल्या सेवेबद्दल आभार."

गनीच्या टाचा आपोआप जुळल्या, पाठ ताठ झाली. "आभारी आहे, सर," तो म्हणाला आणि त्यानं तो हात हातात घेतला.

लोरेटानं ते पाहिलं. तिनं त्याच्याकडून गाडीची किल्ली मागून घेतली आणि त्याला तिथेच सोडून ती एकटी घरी गेली.