आत्याचे शेरे आणि माझा खुला साठा

कुलूप हे मालकीचं हत्यार आहे, असं मी एकदा पत्रकात छापलं, आणि त्यापायी माझ्या ताईची सोयरीक मोडायची वेळ आली.

लातूरला आमची आत्या लग्नं जुळवते. प्रत्येक बायोडाटाच्या मागे ती पेनाने खरा शेरा लिहिते, आणि शेऱ्यात कुणालाच सोडत नाही. मी तिच्यासाठी ॲप बनवलं. गठ्ठा न वाचताच स्कॅन केला (दोन्ही बाजूंनी!) आणि क्लाउडवर, म्हणजे कुठल्याशा कंपनीच्या दूरच्या कंप्युटरवर भाड्याने घेतलेल्या जागेत, चढवला. तिथे प्रश्न आला : साठा खाजगी की सार्वजनिक? मी या प्रश्नाला आयुष्यात 'सार्वजनिक'शिवाय दुसरं उत्तर दिलेलं नाही! मग लाल अक्षरांत इशारा आला : आतलं सगळं कुणालाही दिसेल. इशाऱ्यांना मी भीक घालत नाही.

ॲपमध्ये फक्त पुढची बाजू दिसायची, म्हणून मी निर्धास्त.

निलंग्याचे पाहुणे ताईला बघायला आले. पोहे फिरले. मुलाचे मामा, निवृत्त मास्तर, मोबाइलवर बोट फिरवत म्हणाले, "तुम्ही धाडलेल्या बायोडाटाच्या लिंकची शेपटी खोडली, की आतलं सगळंच उघडून राहिलंय."

मी हातातला तांब्या तिथेच ठेवला. स्वयंपाकघरात पळालो, लॅपटॉप उघडला. पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला.

आत्या मागे आली. "काय केलास रे?"

सांगितलं. ती म्हणाली, "पोरीचं वाटोळं केलास."

"पाहुण्यांबद्दल काय लिहिलंयस?"

आत्याने पदर तोंडाला लावला. तेवढ्यात बाहेरून मामांचा वर्गात शोभेल असा आवाज आला : "मुलगा गुणी. मामा लई बोलतो. चहा तीनदा मागतो."

दाराआड ताईने डोळे मिटून घेतले. मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"खरं हाय. आमच्या घरात बी एवढं खरं कुणी बोलत न्हाई. मुलगी पसंत. चहा ठेवा."

माझा जीव भांड्यात पडला आणि पासवर्डही लागला. साठा बंद करणार, इतक्यात बाहेरून मामा म्हणाले, "थांब की. तुझा बी कागद हाय इथं."

आत्याने माझाही बायोडाटा गठ्ठ्यात सारला होता. मामांनी शेरा वाचला : "पोरगं प्रामाणिक. पत्रकं वाटतं. याच्या हाती घराची किल्ली देऊ नये."

स्वतःबद्दलचा मजकूर जनतेपर्यंत पोचू नये म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदाच धडपडलो, आणि त्याच क्षणी साठ्याला कुलूप लावलं.