लॉस्ट ब्रीचेस वूडचं पान

नमस्कार. या ग्रुपवर मी नुसती वाचत असते, आजवर एक कमेंटसुद्धा केलेली नाही. खरं सांगायचं तर इथले गूढ अनुभव वाचायचे आणि मनातल्या मनात त्यांची कारणं शोधायची, हा माझा टाइमपास होता... पाल असेल, वारा असेल, ताप असेल. अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आताही आहे असं म्हणवत नाही. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे लिहिताना काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं घर देवळाली प्रवराच्या बाहेर, शेतातच. तिन्ही बाजूंनी ऊस, दारात कडुलिंब, मागे पपईची झाडं. घरात अण्णा, म्हणजे माझे वडील, आई आणि मी. मोठा भाऊ सागरदादा इंग्लंडला एका वृद्धाश्रमात काम करायला गेला होता. त्याच्या खोलीपासून कामाच्या वाटेवर एक लहानसं जंगल लागायचं. सकाळी तिथून चालत जाताना तो व्हिडिओ कॉल करायचा. आमच्याकडे तेव्हा दुपारची जेवणं झालेली असायची.

पहिल्याच कॉलला त्याने जंगलाच्या तोंडाशी असलेली हिरवी पाटी दाखवली. लॉस्ट ब्रीचेस वूड.

"काय लिवलंय गं?" आईने मला विचारलं.

समोर अण्णा, शेजारी आत्या आलेली. मी पुटपुटले, "असंच... नाव आहे जंगलाचं."

"आगं पन म्हंजी काय? येवढं इंग्लिश शाळंत घातलं ते कशाला?"

शेवटी जमिनीकडे बघत मी सांगून टाकलं – "हरवलेल्या चड्डीचं रान."

 आई अशी हसली की तिला ठसका लागला. "आन् कोनाची हरवली म्हनं?"

"तुज्या लेकाचीच आसंल," अण्णा म्हणाले. "कॅनॉलवरनं कवा धड कपडे घालून घरी आलाय त्यो?"

थंडीने नाक लाल झालेला दादा तिकडे हसत होता. तो म्हणाला, नावाचं कारण इथल्या लोकांनाही माहीत नाही. आश्रमातल्या म्हाताऱ्यांची त्यावरून भांडणं होतात. एक आजोबा म्हणतात, शिपायाची हरवली. एक आजी ठामपणे सांगते, पाद्रीबाबाची.

तेव्हापासून आई 'जेवलास का' म्हणायच्या आधी विचारायची, "सापडली का रं?" आणि दादा म्हणायचा, "न्हाई आई, शोधतोय अजून." पाटी दाखवल्याशिवाय ती त्याला पुढे बोलू द्यायची नाही. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी बघायची. एकदा त्याने तिथलं ओकचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं... लांबट, कडांना गोल गोल लाटा. आई म्हणाली, "ह्याला पपईवानी बोटं फुटायची ऱ्हायली."

मग आईला पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं – तेवढे दोन शब्द सोडून. डॉक्टर म्हणाले, असं होतं, सवयीचं एखादं वाक्य मागे राहतं. भूक लागली तरी "सापडली का", कूस बदलायची असली तरी "सापडली का". श्रीरामपूरची नोकरी सोडून मी घरी थांबले. तिचं सगळं मीच करायचे. तक्रार म्हणून लिहीत नाही. हळूहळू मला तिच्या आवाजावरून कळायला लागलं, कुठलं पाण्याचं आणि कुठलं दादाचं. दादाचं असलं की ती दाराकडे बघायची.

मुलाला बोलावून घ्या, असं डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं. दादा म्हणाला, "रजा मिळाली की निघतो." रजा काही मिळाली नाही. कॉल मात्र यायचे, मी मोबाईल आईच्या डोळ्यांसमोर धरायचे. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती – पाटी दिसायची बंद झाली होती. "आज दुसऱ्या गेटने आलो," दादा सांगायचा. मी पुढे विचारलं नाही. मला बघायची सवय आहे, विचारायची नाही.

आई दुपारी गेली. त्या दिवशी दादाचा कॉल आला नव्हता. तिची नजर दाराकडेच होती.

आमच्याकडे माणूस जिथे जातो तिथे त्याच संध्याकाळी पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात आणि पिठावर टोपली झाकतात. सकाळी पिठात कसला ठसा उमटलाय ते बघायचं... माणसाचं पाऊल, गाईचा खूर, पाखराचे पाय. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते त्यावरून कळतं म्हणे. आत्याच्या सांगण्यावरून पीठ मीच चाळलं, परातीत पसरलं, वाटीच्या बुडाने सपाट केलं. खिडकी लावली. अण्णा दाराला टेकून बसले, ते सकाळपर्यंत तिथेच होते.

सकाळी आत्याने टोपली उचलली आणि सगळ्या बायका वाकल्या.

"पाखरू हाय."

"न्हाई वं, पपईचं कवळं पान पडलंय."

"टोपलीखाली कसं पडंल पान? आन् हाय कुठं त्ये?"

पान नव्हतंच. मधोमध नुसता ठसा होता. लांबट, खाली बारीक देठ, मधली शीरसुद्धा दिसत होती. आणि कडांना गोल गोल लाटा... बोटं फुटायची राहिलेली.

"पाखरूच," आत्या डोळे पुसत म्हणाली. "सुटली बाई माजी वहिनी." सगळ्यांना बरं वाटलं. पीठ गाईला घालायला नेण्याआधी मी गुपचूप फोटो काढला.

आई गेल्याचं दादाला आदल्या दिवशीच कळवलं होतं, आता तो फोटो पाठवला. लगेच फोन आला. "पिंके, हे पान तिकडं कुठून आलं?"

मी सांगितलं.  तो म्हणाला, "मी तिथं नाहीये गं."

दिवाळीतच त्याचं आश्रमातलं काम सुटलं होतं. तो लांबच्या दुसऱ्या शहरात, एका गोदामात होता. व्हिसा आश्रमाच्या कामावरचा होता, भारतात आला असता तर परत जाता आलं नसतं. आईला रोज रान बघायचं असायचं, म्हणून तो गोदामामागची बाग दाखवायचा. तिथे हिरवळ आणि सुरूसारखी झाडं आहेत. ओक एकही नाही, हे त्याने त्याच दिवशी पुन्हा जाऊन बघितलं.

"तुला काही जाणवलं का रे? काल?"

"न्हाई."

"काहीच नाही?"

"खोकी भरत होतो मी, पिंके."

यावर नेहमीची कारणं मी लावून बघितली. पाल, वारा, चाळणीत अडकलेलं काहीतरी. एकही बसत नाही. मला जे हवं होतं तेच दिसलं म्हणावं, तर मला हे नकोच होतं. मला एक पाऊल हवं होतं, साधं, घराच्या आत वळलेलं. इतके दिवस तिच्या उशाशी मी होते.

अण्णांना काही सांगितलेलं नाही. ते आत्याचं पाखरू धरून बसलेत, बसू दे. फोटो माझ्याकडे आहे, पण इथे टाकणार नाही. कुणाकडे खुलासा असेल तर जरूर लिहा, मला तो सापडलेला नाही.

मला एवढंच वाटत राहतं, की आई बरोबर ठिकाणी पोचली. हिरवी पाटी तिने ओळखली असणार. आता तिच्याखाली उभी राहून ती येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तेच दोन शब्द विचारत असेल. आणि त्यातलं कुठलं पाण्याचं, कुठलं दादाचं, हे ओळखणारं तिथे कुणीही नाही.