महादेवच्या नंबरावरची लाल गाडी

लालबागच्या त्या गल्लीत दुपारी साडेचारला कुणी हॉर्न वाजवला तर कुणी मान वर करत नाही. पण हा हॉर्न थांबेचना. शेवटी महादेव वायंगणकर चहाचा कप तसाच ठेवून तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आला आणि वाकून बघतो तर खाली एक लाल गाडी, बाहेर पँट-शर्टातली पांढऱ्या केसांची बाई, आणि तिचा हात खिडकीतून आत, हॉर्नवर.

"महादेव! खाली ये! माझी गाडी तुझ्या खिशात आहे!"

त्याची बायको नलू मागून आली. "कोण हो ती? आणि तुमच्या खिशात गाडी कधीपासून?"

"माझगावची ग्रेसीबाई," महादेव पायजम्यावर शर्ट चढवत म्हणाला. "ज्यो मिस्किटाची बायको." ज्योचं नाव घेताना त्याचं बटण चुकलं. ते नलूला दिसलं.

महादेव म्हणजे आरटीओचा एजंट. त्र्याहत्तर वर्षांचा, चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. एजंट म्हटलं की माणसं नाक मुरडतात. मुरडू द्या. चौतीस वर्षं तो आरटीओच्या फाटकाबाहेर फोल्डिंगचं टेबल, काळी छत्री आणि स्टॅम्पपॅड घेऊन बसला, आणि त्या चौतीस वर्षांत नाक मुरडणारे सगळे त्याच्याकडेच आले, कारण तो फॉर्म वाचून कुणाला कळत नव्हता. महादेवला कळायचा. अक्षर टपोरं, कामाला चोख. खोड एकच. दोन हजार एक साली त्याने मोबाइल घेतला आणि तेव्हापासून फॉर्मवर 'मोबाइल नंबर' असा रकाना आला की बेधडक स्वतःचा नंबर टाकायचा. माणसाला नंबर पाठ नसायचा, कुणाकडे फोनच नसायचा, आणि आतून काही अडलं तर बाबू फोन महादेवलाच करणार. मग भानगड कशाला? असं करत करत किती गाड्या झाल्या, हे त्याने कधी मोजलं नाही. गाडीचा नंबर, मालकाचं नाव, पत्ता, असेल तर फोन, एवढं मात्र वह्यांत लिहून ठेवलं होतं.

त्याच खोडीचं फळ आता खाली हॉर्न वाजवत होतं.

"हे बघ," तो खाली पोचायच्या आतच ग्रेसीने सुरुवात केली. तिच्या हातात प्लॅस्टिकची फाइल होती. "गाडी विकतेय. पार्किंगसाठी रोज पोरासोरांशी भांडायला मला आता वेळ नाही. रे रोडचा दीपेश, जुन्या गाड्यांचा डीलर, त्याने घेतली. आरसी आहे, विमा आहे, पीयूसी आहे, आधार, पॅन, सगळं दिलं. पण आता नवीन पद्धत आहे म्हणे. डीलरने गाडी घेतली की कॉम्प्युटरवर नोंद करायची, मालकाच्या मोबाइलवर कोड येतो, तो घातला की त्या मिनिटापासून गाडीची जबाबदारी डीलरची."

"बरोबर," महादेव म्हणाला. "दोन-तीन वर्षं झाली त्या नियमाला. चांगला नियम आहे."

"चांगला? कोड गेला कुठे? शेवटचे आकडे चव्वेचाळीस एकाहत्तर! माझ्या बापजन्मात माझा असा नंबर नव्हता. मग फाइल उघडली. दोन हजार बारा सालचं तुझं कार्ड टाचणीने लावलेलं. बघ!"

कार्डावर त्याचाच नंबर होता. चव्वेचाळीस एकाहत्तर.

"फोन केला तर म्हणते, सेवा बंद आहे. तेरा वर्षं गाडी मी चालवतेय, पेट्रोल मी भरतेय, आणि कोड तुला? आणि तू फोन बंद करून चहा पितोयस?"

गॅलरीतून चार डोकी खाली वाकली होती. महादेवचे कान तापले. तो जुना नंबर तीन महिन्यांपूर्वीच बंद पडला होता. मुलगा पुष्कर म्हणाला, बाबा, आता धंदा नाही, दोन दोन नंबरांना रिचार्ज कशाला? आणि याने मान डोलावली होती.

"नंबर बदलायचा अर्ज करा ना," तो म्हणाला. "चार-पाच दिवसांत..."

"चार-पाच दिवस नाहीत! दीपेशचं गिऱ्हाईक नाशिकहून आलंय, आजच गाडी घेऊन जाणार. नाही तर सौदा मोडला. विमा आज रात्री बाराला संपतोय. दीपेश म्हणतो, आंटी, टेन्शन नको, कोड राहू दे. मालकी बदलायच्या एकोणतीस आणि तीस नंबरच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या करा, चावी द्या, बाकी माझा माणूस पंधरा दिवसांत करेल."

कोऱ्या फॉर्मवर. 

एकोणीसशे शहाण्णव साली महादेवनेच म्हटलं होतं हे, शब्द न शब्द. ज्यो मिस्किटा गोदीत फिटर होता. त्याची स्कूटर एका डीलरला विकायची होती. महादेवने टेबलावर दोन कोरे फॉर्म सरकवले, "सही करा, बाकी मी भरतो," आणि फॉर्म डीलरच्या हवाली केले. तेव्हा सगळेच असं करायचे. डीलरने ते भरलेच नाहीत. स्कूटर या हातातून त्या हातात गेली आणि दोन वर्षांनी कुणीतरी भाईंदरला एका म्हाताऱ्याला उडवून पळाला. कागदावर मालक ज्यो. पोलीस माझगावात, माथारपाखाडीत त्याच्या दारात आले. सहा वर्षं कोर्टाच्या तारखा. गोदीतली सगळी रजा तिथे गेली. शेवटी सुटला, पण सहा वर्षांनी.

आणि या सहा वर्षांत ज्योने महादेवला एक वाकडा शब्द ऐकवला नाही. तारीख झाली की कोर्टातून सरळ त्याच्या टेबलाशी यायचा, दोन चहा मागवायचा, पैसे स्वतः द्यायचा आणि म्हणायचा, "महादेव, पुढची तारीख चौदा मार्च." बस. शिव्या दिल्या असत्या तर महादेवला बरं वाटलं असतं.

त्यानंतर महादेवच्या टेबलावर कोऱ्या फॉर्मवर एकही सही झाली नाही. दोन हजार बारात ही लाल गाडी ग्रेसीच्या नावावर सेकंडहँड घेतली तेव्हा महादेव नको म्हणून ती सांगत होती, तरी ज्योने काम त्याच्याकडेच आणलं. "तोच करेल. आता तो चुकणार नाही." आणि महादेवने फॉर्म भरला, ग्रेसीने ओळ न ओळ वाचली, आणि रकान्यात नंबर मात्र पडला महादेवचा. आता ज्यो जाऊन आठ वर्षं झाली होती.

"कोऱ्या फॉर्मवर सही केलीत?" त्याचा आवाज एकदम चढला.

"वेडी आहे का मी? नवऱ्याची सहा वर्षं गेली त्यात!"

"मग पाच मिनिटं थांबा. नलू! ए नलू! जुना फोन!"

"शिवणाच्या डब्यात!" वरून उत्तर आलं.

महादेव तीन मजले ज्या वेगाने चढला, त्या वेगाने तो गेल्या दहा वर्षांत कुठे चढला नव्हता. डब्यात दोरे, बटणं, सुया, आणि खाली तो बटणांचा फोन. मेलेला. चार्जर नाही. त्याने फोन उचलला, लोखंडी कपाटातून एक वही उचलली आणि परत खाली.

"अहो, चहा!" नलू ओरडली.

"तूच पी!"

कोपऱ्यावर लक्ष्मीचं मोबाइलचं दुकान. बारीक पिनेचा चार्जर तिच्याकडे निघाला. तिने नंबर घातला आणि भुवया वर केल्या. "काका, नव्वद दिवस होत आलेत. अजून तीन दिवस गेले असते तर हा नंबर दुसऱ्याच कुणालातरी मिळाला असता."

"मिळाला असता म्हणजे? माझ्या सगळ्या गाड्यांसकट?"

"गाड्यांचं मला माहीत नाही. रिचार्ज करू?"

"कर, कर, विचारतेस काय!"

दहा मिनिटं गेली. ग्रेसी दुकानाच्या पायरीवर उभी राहून घड्याळ बघत होती आणि लक्ष्मीला सांगत होती की असल्या माणसाला एजंट कुणी केलं. मग फोनचा पडदा उजळला, रेंजची एक काडी आली, दोन आल्या, आणि फोन थरथरायला लागला. टिंग. टिंग. टिंग टिंग टिंग. तीन महिन्यांचे साठलेले निरोप एकामागून एक उतरायला लागले. कुणाचं पीयूसी संपलेलं, कुणाचा सिग्नल तोडल्याचा दंड, कुणाचा विमा. गाड्यांचे नंबर सरकत होते आणि महादेव चष्मा सावरत बघत होता.

"हा तर परळच्या डॉक्टरांचा! अजून तीच गाडी? आणि हे... अरे, डॉक्टरांनी चार वेळा सिग्नल तोडलाय!"

"महादेव! गाडीत बस!"

काळाचौकीवरून कॉटन ग्रीनकडे ग्रेसीने गाडी अशी काढली की महादेवने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. मांडीवर वही, वहीवर फोन, फोनचं टिंग टिंग चालूच. मध्ये एका टॅक्सीवाल्याने आडवी घातली तर ग्रेसीने काच खाली करून त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

"हळू हो, ग्रेसीबाई."

"गप. शेवटची फेरी आहे तिची. तिला पळू दे."

पावणेसहाला रे रोड. पत्र्याच्या छपराखाली दहा-बारा जुन्या गाड्या, काचेची केबिन, केबिनमध्ये कॉम्प्युटरवर प्रिती नावाची मुलगी. दीपेश पस्तिशीचा, गोड बोलणारा. नाशिकचं गिऱ्हाईक बॅग घेऊन ताटकळत होतं.

"आलात आंटी? प्रिती सहाला निघते हां. कोड पाठव गं परत."

प्रितीने बटण दाबलं. सगळे त्या जुन्या फोनकडे बघत बसले. फोन गप्प. एवढा वेळ टिंग टिंग करणारा फोन आता नेमका गप्प.

"छपराखाली रेंज नाही," महादेव म्हणाला आणि रस्त्यावर गेला. फोन डोक्यावर धरून उभा. मागे ग्रेसी. येणारेजाणारे बघत होते.

दीपेश फॉर्म आणि पेन घेऊन बाहेरच आला. "आंटी, किती वेळ? दोन सह्या, संपला विषय. काका, तुम्ही तर जुने एजंट, सांगा ना यांना. आधी सगळे असंच करायचे."

महादेवचा वर धरलेला हात खाली आला.

"करायचे," तो म्हणाला. "मीच करायला लावायचो. यांच्या नवऱ्यालाही मीच लावलं. माणूस सहा वर्षं कोर्टात उभा राहिला, मी टेबलावर बसून त्याचा चहा प्यायलो. ते फॉर्म आत ठेव."

दीपेशने पेन खिशात खोचलं. ग्रेसी महादेवकडे बघत राहिली. एकोणतीस वर्षांत हे तो पहिल्यांदा मोठ्याने बोलला होता. आणि तेवढ्यात टिंग.

"आला! आला!" ग्रेसीच ओरडली. "वाच! लवकर!"

पण महादेव फोन मुठीत धरून केबिनमध्ये गेला. "आधी स्क्रीन दाखव, बाळ." गाडीचा नंबर त्याने आरसीशी ताडला. मग चासी नंबर, एकेक अक्षर बोट ठेवून. मग डीलरचं नाव, परवाना क्रमांक, तारीख. प्रिती बॅग खांद्याला लावून उभी. दीपेशने कपाळाला हात लावला.

"काका, कोडला वेळ असतो हो!"

"असू दे. इंजिन नंबर वर घे."

इंजिन नंबरही जुळला. महादेवने कोड सांगितला, प्रितीने घातला, पडद्यावर लाल अक्षरं. मुदत संपली.

"महादेव!" ग्रेसी किंचाळली. "तुला मी आज मारणार!"

"परत पाठवा," महादेव शांतपणे म्हणाला. "आता सगळं वाचून झालंय."

प्रितीने बॅग खाली ठेवली आणि हसत सुटली. नाशिकवालाही हसला. महादेव धावत रस्त्यावर, हात वर, आणि या वेळी फोन लगेच वाजला. तिथूनच त्याने एकेक आकडा मोठ्याने सांगितला. ग्रेसी दारात उभी राहून तो आत पोचवत होती. "सात! दोन! दोन! नऊ! शून्य! चार! शेवटचा चार!"

पडदा हिरवा झाला. प्रिंटरने घरघर करून कागद ओकला. सहा वाजून बारा मिनिटं. महादेवने दीपेशकडून त्यावर शिक्का घेतला, सही घेतली, गाडी किती किलोमीटर चालली ते लिहून घेतलं. ग्रेसीने कागद घेतला आणि वरून खालपर्यंत वाचला. कुणी घाई केली नाही.

मग तिने चावी दीपेशच्या तळव्यावर ठेवली. "आता रात्री विमा संपो की टायर फुटो. तुझं तू बघ."

लाल गाडी नाशिकवाल्याने बाहेर काढली. ग्रेसीने तिच्या टपावर एक थाप मारली आणि वळली.

"चहा," ती म्हणाली.

पुढच्या टपरीवर ती पर्स उघडायला लागली, तर महादेवने तिचा हातच धरला. "नाही. मिस्किटांचे फार चहा झाले माझ्यावर."

ग्रेसीने पर्स मिटली. फुर्र करून घोट घेतला. "ज्यो म्हणाला होता, आता तो चुकणार नाही."

"नंबर चुकलाच की."

"नंबर चुकला. कागद नाही चुकला."

 महादेवने वही उघडली, फोन घेतला. परळचे डॉक्टर. त्यांचा नंबर लिहिलेला होता. लागलाही.

"नमस्कार, मी महादेव वायंगणकर. तुमच्या गाडीच्या कागदांवर माझा मोबाइल नंबर आहे, तो तुम्ही..."

"फोनवरून लोकांना लुटतोस? पोलिसांत देईन, हरामखोर!" पलीकडून आवाज आला आणि फोन कटला.

महादेव फोनकडे बघत राहिला. ग्रेसी हसून हसून चहा सांडत होती.

"दे इकडे," ती म्हणाली. "तुझा आवाजच चोरासारखा आहे. किती गाड्या आहेत?"

"दोन वह्या अजून घरी आहेत."

"उद्या दहाला येते. गाडी नाही, तेव्हा बसने येईन, पाच मिनिटं इकडे तिकडे." तिने तोच नंबर परत लावला. "हॅलो डॉक्टर? फोन ठेवायचा नाही. तुमचा कोड मला नकोय. सिग्नल कुणी तोडले, ते आधी सांगा."