अर्जासोबत आणलेलं दूध

डोंगरावरची थंडी अशी, की कचेरीच्या रांगेत जो तो हात बगलेत खुपसून उभा होता. हिवाळ्यात दमट लाकडं पेटता पेटत नाहीत, म्हणून सरकारी योजनेतल्या गॅससाठी अर्ज द्यायला आम्ही सगळे आलेलो. माझ्या पुढच्या मावशींच्या हातात मात्र कागदांबरोबर दुधाची किटली होती!

"मावशी, दूध कशाला आणलंत?" खिडकीतल्या कारकुनानं विचारलं.

"आता शेगडी देणार ना? पेटवून दाखवाल तेव्हा उतू घालवते की!"

नव्या चुलीवर पहिलं दूध उतू जाऊ द्यायचं, ही आपली रीतच. कारकून ओशाळला. "आज नुसता अर्ज घ्यायचाय, मावशी. शेगडी मंजुरीनंतर."

मावशी किटली घेऊन रांगेबाहेर आल्या. मग समोरच्या चहाच्या टपरीकडे वळल्या. "दादा, पातेलं ठेव बरं. शकुनाचं दूध तसंच परत नेत नाहीत."

आणि अख्खी रांग त्या पातेल्याभोवती! साय थरथरली, दूध फुगलं, काठाशी आलं. "गेलं, गेलं!" आम्ही एकदम ओरडलो. कारकूनही खिडकी सोडून धावत आला होता.

सरकारी खिडकीपाशी मी आजवर नकार ऐकायच्या तयारीनंच गेलो. उतू घालवायला दूध घेऊन जावं, हे कधी सुचलंच नव्हतं!

पुन्हा रांग लागली, तेव्हा कुणाचेच हात बगलेत नव्हते.