अक्काच्या ट्रॅक्टरचा पंजा

मिस्त्रीनं पन्नाशी ओलांडली होती आणि पोट त्याच्याही पुढं निघालं होतं. लेथवर मात्र त्याचा हात असा, की गिऱ्हाईक मापाला पट्टी लावायच्या भानगडीत पडत नसे. बोलताना तो कुणाकडं मान वर करून बघायचा नाही. पण थोरली बहीण वर्कशॉपच्या दारात उभी राहिली, की हाच मिस्त्री हातातली विडी पाठीमागं लपवायचा. ती त्याला अजून बारक्याच म्हणायची.

या अक्काकडं एक म्हातारा ट्रॅक्टर होता. त्याच्या सेल्फनं कधीच राम म्हटला होता. हँडल मारून चालू करावा, तर इंजिनाच्या नाकावरचा पंजा झिजलेला. पंजा म्हणजे दोन दातांचं मुठीएवढं लोखंड. हँडल त्यातच अडकतं. दात गुळगुळीत झाल्यावर हँडल घसरायचं आणि माणसाची बोटं सोलायचं. नवा पंजा मिळेना, कारण ट्रॅक्टर काढणारी कंपनीच बुडालेली.

अक्का हार मानणारी बाई नव्हे. तिनं उतार धरले. ट्रॅक्टर कालव्याच्या भरावावर उभा करायचा, सकाळी उतारावरून सोडायचा आणि मध्येच क्लच सोडला की तो भडभड करत उठायचा. वर्षभर तिनं असं चालवलं. कुणाचं शेत नांगरायला जायचं, तर आधी विचारायची, तुमच्याकडं चढ आहे का? सपाटीवरच्या लोकांशी तिनं जवळजवळ बोलणंच टाकलं होतं.

हे तिच्या लेकाला सहन होईना. पोरगा गुणाचा, शब्दाचा पक्का, पण एके दिवशी ट्रॅक्टर भर शेतात बंद पडला आणि तो ढकलायला सगळी आळी गोळा करावी लागली. त्यानं रविवारी भंगारवाल्याला यायला सांगितलं. अक्का म्हणाली, ठीक आहे, पण तोवर सपाट अंगणात हँडलवर चालू झाला, तर भंगार हा शब्द पुन्हा काढायचा नाही. तो कबूल झाला. अक्का तडक भावाकडं आली आणि झिजका पंजा त्याच्या टेबलावर आदळला.

मिस्त्रीला असलं काम म्हणजे मेजवानी. मेलेल्या ट्रकच्या ॲक्सलचा तुकडा त्यानं लेथला लावला, आत आटे पाडले, दात कानशीनं हातानं घासले. एक बाजू उभी, दुसरी उतरती. उभी बाजू हँडलला धरून ठेवते, आणि इंजिन पेटलं की उतरती बाजू त्याला बाहेर ढकलते. ती चुकली तर हँडल सुटत नाही, उलट माणसालाच गरगर फिरवतं. पंजा असा उतरला, की मिस्त्री गाणं म्हणायला लागला. त्याचा आवाज फाटक्या सायलेन्सरसारखा होता. शेजारचा शिंपी दार लावून बसला.

उरलं होतं पाणी द्यायचं काम. पोलाद तापवून तेलात बुडवायचं, म्हणजे ते कडक होतं. एरवी हे काम तो बाहेर भट्टीवाल्याकडं पाठवायचा, पण भट्टीवाला सासुरवाडीला जाऊन बसला होता. मिस्त्री म्हणाला, त्यात काय मोठं, बापानं जन्मभर हेच केलं. बापाची भट्टी कोपऱ्यात होतीच. त्यानं कोळसा पेटवला, पंजा चांगला लाल दिसेपर्यंत तापवला आणि तेलात सोडला.

शनिवारी दुपारी मिस्त्रीनं अक्काच्या अंगणात जाऊन तो बसवला. अक्कानं पदर खोचला, अर्धा वेढा दिला, आणि टक् करून एक दात मातीत पडला.

अक्कानं दात उचलून उन्हात धरला. मोडलेली जागा साखरेसारखी चमचमत होती.

"जाळलंस, बारक्या."

"अगं, नुसता लाल तर झाला होता. जास्त तापवलाच नाही."

"कुठं तापवलास?"

ती थेट वर्कशॉपात आली आणि वर बघितलं. यंदाच मिस्त्रीनं छपराचे पत्रे काढून पांढरे पारदर्शक पत्रे टाकले होते. आत नुसता लख्ख उजेड. अक्का ऐरणीच्या ठोकळ्यावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. लहानपणी भाता तिनंच ओढला होता, कारण बारक्या भाता धरून झोपायचा. भट्टीभोवती बाप गोणपाटं लावायचा. लोक म्हणायचे, काय कंजूस माणूस, खिडकीसुद्धा ठेवत नाही.

"उजेडात लोखंड आहे त्याहून थंड दिसतं," ती म्हणाली. "तुला लाल दिसलं तेव्हा ते पार पिवळं झालं होतं. बाबा काय उगीच अंधारात बसायचे?"

मिस्त्रीनं तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि ॲक्सलचा दुसरा तुकडा कापायला घेतला. रविवारी सकाळी दोघांनी भट्टीवर ताडपत्री ताणली. आत काळोख झाला. अक्का भात्याला, मिस्त्री चिमट्याला. पंजा काळ्याचा तांबूस झाला, मग जांभळट लाल. मिस्त्रीचा हात दोनदा पुढं आला.

"थांब. हावरटपणा करू नकोस. अजून नाही... आता टाक."

तेल चर्रकन फुसफुसलं. मग त्यांनी दात घासून पुन्हा हळूच शेकले, वाळक्या गवताचा रंग चढेपर्यंत, म्हणजे कडकपणा राहील पण दात काचेसारखा मोडणार नाही. मिस्त्रीनं कानस फिरवून बघितली. ती नुसती घसरली. दोघंही ताडपत्रीखालून बाहेर आली ती भुतासारखी काळी होऊन.

अंगणात भंगारवाला टायरला लाथा मारून बघत होता. अक्कानं त्याला आधी बाजूला व्हायला सांगितलं. मिस्त्रीनं पंजा आवळला. अक्कानं हँडल धरलं, अंगठा चारी बोटांच्याच बाजूला ठेवून, म्हणजे उलटा झटका आला तरी मनगट वाचतं. पहिला वेढा, नुसता धूर. मिस्त्रीनं डोळे मिटून घेतले. दुसऱ्या वेढ्याला हँडल सळकन बाहेर आलं आणि इंजिन असं गरजलं, की छपरावरची कबुतरं उडाली.

अक्कानं ते लगेच बंद केलं. लेकाला वाटलं काहीतरी बिघडलं. तिनं हँडल त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, आता तू मार. त्यानं अंगठा चुकीचा धरला म्हणून एक फटका खाल्ला, मग मारलं, आणि ट्रॅक्टर चालू झाल्यावर स्वतःच लहान पोरासारखा हसत सुटला. पुन्हा बंद केला, पुन्हा मारला. भंगारवाल्यालाही राहवेना. त्यानंही एकदा चालू करून बघितला, चहा घेतला आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला.

अक्कानं पंज्यावरून बोट फिरवलं आणि उतरती बाजू आणखी जरा घासायला हवी होती, असं भावाला सुनावलं. मिस्त्री हो हो म्हणाला. परत जाताना तो अख्खा रस्ता मोठ्यानं गात गेला.