पान वाहिलं की पुढचं नाव

मी प्रोग्रामर. झाशीत लक्ष्मी गेटजवळच्या आमच्या घरूनच कंपनीचं काम करायचे, आणि कंपनीला तेच खुपायचं. आम्ही एक छोटी प्रोग्रामिंगची भाषा बनवत होतो. साहेबांनी फोनवर स्वच्छ सांगितलं, "याद्यांचा भाग शुक्रवारपर्यंत जमला तर राहा तिथे, नाहीतर बंगळुरूला या." घरात आई-बाबा दोघंच, दोघंही सत्तरीपुढचे.

काम ऐकायला सोपं. यादी कितीही लांब असो, अगदी न संपणारी असो, मागितली की एकच वस्तू तयार व्हावी. माझा प्रोग्राम मात्र दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करायचा. हजारावी वस्तू मागितली की आधीच्या नऊशे नव्व्याण्णव पुन्हा! कॉम्प्युटर रडकुंडीला आला आणि मीही.

गुरुवारी सकाळी बाबा पूजेला बसले. देवाची हजार नावं दोघांनी मिळून घ्यायची, ही आमच्या घरची रीत. बाबा एक नाव म्हणणार, आई तुळशीचं एक पान वाहणार, मग पुढचं नाव. मला लहानपणापासून याचा भारी कंटाळा. मध्येच दारातून हाक आली, "अम्माजी, दूध!" आई उठली. बाबा डोळे मिटून गप्प. आईनं परत येऊन पान वाहिलं आणि बाबांनी पुढचं नाव घेतलं. पहिल्यापासून नाही.

मी लॅपटॉपकडे धावले. को-रूटीन म्हणजे हेच तर! मध्येच थांबणारं आणि बोलावलं की थांबल्या जागेवरून पुढे चालणारं काम. चारदा वाचलं होतं, डोक्यात आज शिरलं. यादी बनवणारा भाग बाबांसारखा बसवला, मागणारा आईसारखा. दुपारपर्यंत न संपणारी यादीही शहाण्यासारखी एकेक वस्तू देऊ लागली.

जेवताना सगळं सांगितलं. बाबा हसले, "काखेत कळसा अन् गावाला वळसा!"

आई म्हणाली, "बस, इतकंच? मग तीन हफ्ते तोंड पाडून कशाला बसली होतीस गं?"

बंगळुरू टळलं. आईची पुढची सहा वर्षं मला मिळाली. त्यासाठी मी त्या दोघांची ऋणी आहे, आणि त्या दूधवाल्या भैयाचीही.

आई गेली. सुतक फिटल्यावरच्या गुरुवारी बाबांनी पहिलं नाव घेतलं आणि डोळे मिटून थांबले. बराच वेळ थांबले. मी आईच्या पाटावर बसले आणि पान वाहिलं. बाबांनी पुढचं नाव घेतलं.